स्कॅनर, फसली साल आणि न उघडणारं फोल्डर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "तर मग" जमेल तेवढे काढलेत. बाकी भाषा आहे तशीच ठेवली आहे.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. विषय आहे ऑफिसातला स्कॅनर. नेटवर्कला जोडलेला, कोपऱ्यात उभा असलेला, आणि नेमकी गरज असेल तेव्हाच रुसणारा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हणून घरी डोंगरकड्याला गेलो की ओळखीपाळखीचे लोक मला प्रिंटर, स्कॅनर, राउटर, इन्व्हर्टर असं सगळं दाखवतात. बीटेक झालेल्या पोराला हे यायलाच पाहिजे, असा त्यांचा समज. एवढ्या वर्षांत एक लक्षात आलं की स्कॅनरच्या तक्रारी फिरून फिरून तीनच असतात:

एक, "काल चालत होता, आज चालत नाही."
दोन, "स्कॅन होतंय, पण कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये येत नाही."
तीन, "पीडीएफ आली, पण वाचता येत नाही."

या तिन्ही तक्रारींना इतिहास आहे, तारखा आहेत. आणि आपल्या मराठवाड्यात तिसऱ्या तक्रारीला जमिनीचा आणि जातीच्या दाखल्याचाही इतिहास चिकटलेला आहे. म्हणून सुरुवात मशीनपासून न करता कागदापासून करू.

मशीनच्या आधीचा कागद

डोंगरकडा आज हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात आहे. ऊस, हळद, केळी, साखर कारखाना अशी आमची ओळख. पण हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याआधी कळमनुरी तालुका परभणी जिल्ह्यात होता. १९६० आधी आपण द्विभाषिक मुंबई राज्यात होतो, १ नोव्हेंबर १९५६ आधी हैदराबाद राज्यात, आणि सप्टेंबर १९४८ आधी निजामाच्या राजवटीत. गाव तिथेच, शेत तिथेच, बांधसुद्धा बहुतेक तिथेच. कागदावरचा शिक्का मात्र प्रत्येक वेळी बदलला.

शिक्क्याबरोबर भाषा बदलली आणि लिपीही बदलली. जुन्या मराठी दप्तरात मोडी. निजामाच्या सरकारी कारभारात आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू. नंतर देवनागरी मराठी. कॅलेंडरसुद्धा वेगळं होतं. हैदराबादच्या कागदांवर फसली साल असायचं. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी साल निघतं. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा आहे, म्हणजे इसवी १९०७-०८. महिन्यांची नावंही आजुर, दै, बहमन, खुर्दाद, तीर अशी. आज एखाद्या फॉर्ममध्ये तारीख टाकताना सॉफ्टवेअर १९०० च्या मागे जाऊ देत नाही. तिथे "१३३० फसली" लिहिलेला कागद घेऊन आलेल्या माणसाने काय निवडायचं? त्याने १९२० निवडायचं असतं. पण हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

पोलीस ॲक्शननंतरची पाच-सहा वर्षं आपल्याकडच्या कागदासाठी फार महत्त्वाची आहेत. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. १९५० मध्ये हैदराबादचा कुळ कायदा आला आणि संरक्षित कुळांच्या नोंदी झाल्या. १९५४ मध्ये इनामं रद्द करण्याचा कायदा झाला. १९५४-५५ मध्ये खासरा पत्रक तयार झालं, त्यात कोणत्या सर्व्हे नंबरवर कोण, किती क्षेत्र, जमीन कशी हे आलं. मराठवाड्यात जमिनीचा जुना वाद निघाला की वकील पहिल्यांदा खासरा पत्रक मागतो, त्याचं कारण हेच. त्यानंतरची पाहणी पत्रकं, फेरफार, आणि मग सातबारा. म्हणजे आजचा सातबारा हा झाडाचा शेंडा आहे, आणि मूळ त्या कापडात बांधलेल्या बस्त्यात आहे.

नक्कल ते स्कॅन

हा बस्ता रेकॉर्ड रूममध्ये. त्यातला कागद हवा असेल तर शेतकरी नक्कल काढायचा. अर्ज, फी, आणि मग नकलनवीस मूळ कागद समोर ठेवून हाताने उतरवून काढायचा. वर "खरी नक्कल" असा शिक्का. या पद्धतीत एक चांगली गोष्ट होती: उतरवणाऱ्या माणसाला मूळ वाचता यावंच लागायचं. वाईट गोष्ट अशी की त्याच्याकडून एखादा आकडा चुकला, तर ती चूक शिक्क्यासकट पुढच्या पिढीकडे जायची.

मग झेरॉक्स आली. अमेरिकेत चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी पहिली कोरडी प्रत काढली. १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे मशीन बाजारात आलं, आणि पुढे कंपनीचं नावच आपल्या बोलण्यात क्रियापद झालं, "एवढं झेरॉक्स करून आण." उतरवणारा माणूस आता मधून निघून गेला.

स्कॅनरची गोष्ट याच काळातली. १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श नावाच्या इंजिनिअरने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो फिरत्या ड्रमवर लावला आणि तो सीॲक नावाच्या कॉम्प्युटरमध्ये घेतला. फोटो जेमतेम ५ सेंटिमीटरचा, चित्र १७६ बाय १७६ ठिपक्यांचं. एकूण ३०,९७६ ठिपके. आज ए-फोर कागद ३०० डीपीआयवर स्कॅन केला की सुमारे ८७ लाख ठिपके होतात, म्हणजे कर्शच्या चित्राच्या २८० पट.

कर्शपुढची एक अडचण मात्र आजही आपल्यापुढे आहे. त्याचं मशीन प्रत्येक ठिपक्याला फक्त काळा किंवा पांढरा म्हणू शकत होतं. राखाडी छटा मिळवायला त्याने तोच फोटो वेगवेगळ्या पातळीवर अनेकदा स्कॅन केला आणि सगळं एकत्र केलं. कुठल्या पातळीला काळं म्हणायचं आणि कुठल्या पातळीला पांढरं, हा निर्णय मशीन घेतं. हे लक्षात ठेवा. पुढे जुन्या कागदांकडे आलो की याचाच संबंध येणार आहे.

भारतात जमिनीचे कागद कॉम्प्युटरवर घ्यायची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये आठ राज्यांतल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. पुढे राष्ट्रीय कार्यक्रम आला, ई-फेरफार आला, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पण सातबारा कॉम्प्युटरवर आला तो टाइप होऊन, स्कॅन होऊन नव्हे. टाइप करताना झालेल्या चुका दुरुस्त करायला लोक आजही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज करतात. त्या अर्जासोबत पुरावा म्हणून काय लावतात? जुना कागद. म्हणजे त्याचा स्कॅन. आलं लक्षात? टाइप केलेल्या नोंदीवर शंका आली की आपण चित्राकडे जातो. म्हणून चित्र तरी खरं पाहिजे.

आता मशीनकडे येऊ.

"काल चालत होता, आज चालत नाही"

आमच्याकडे या तक्रारीचं पहिलं कारण म्हणजे लाईट गेली होती. लाईट आली की राउटर चालू होतो आणि जोडलेल्या प्रत्येक मशीनला पत्ता वाटतो, ज्याला आपण आयपी ॲड्रेस म्हणतो. काल स्कॅनरला शेवटी २५ मिळाला होता, आज ३१ मिळाला. कॉम्प्युटर अजून २५ चंच दार वाजवतोय. घर तेच, पाटी बदलली.

असा आपोआप पत्ता वाटायच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. तिचा पहिला मसुदा ऑक्टोबर १९९३ चा. त्याआधी प्रत्येक मशीनला पत्ता हाताने द्यायचा आणि वहीत लिहून ठेवायचा, अगदी पटवाऱ्यासारखं. डीएचसीपीने ती वही घालवली. फुकटचा पत्ता ठरावीक मुदतीसाठी उसना मिळतो. लॅपटॉप-मोबाईलसाठी हे छान आहे, कारण त्यांना कुणी शोधत येत नाही. स्कॅनर-प्रिंटरला मात्र सगळे शोधत येतात, त्यामुळे त्याला कायमचा पत्ता लागतो.

उपाय सोपा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्कॅनरच्या मॅक ॲड्रेससाठी एक पत्ता राखून ठेवायचा. पाच मिनिटांचं काम आहे. ते झालं की तो पत्ता स्टिकरवर लिहून मशीनला चिकटवा. स्टिकर हा माझ्या मते सर्वांत कमी कौतुक झालेला शोध आहे.

स्कॅनरच्या स्क्रीनवर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याचा अर्थ वेगळा. मशीनने राउटरला पत्ता मागितला, उत्तरच आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हा टाकत बसू नका. नेटवर्कची वायर बघा, स्विचचा दिवा बघा, वाय-फायचा पासवर्ड कुणी बदलला का ते विचारा.

तपासायचं कसं? पिंग. कॉम्प्युटरवर कमांड विंडो उघडायची, पिंग लिहून पुढे स्कॅनरचा पत्ता टाकायचा. उत्तर आलं तर रस्ता चालू आहे आणि दोष पुढे कुठेतरी आहे. नाही आलं तर बहुतेक दोष रस्त्यातच. पिंग हा प्रोग्रॅम माइक म्यूस या अमेरिकी इंजिनिअरने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडीचं सोनार आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतं, त्यावरून हे नाव. चाळीस वर्षं झाली, पण नेटवर्कचं निदान अजून इथूनच सुरू होतं.

लाईट जाण्याचा आणखी एक छुपा परिणाम आहे. जुन्या स्कॅनरची आतली बॅटरी संपलेली असेल तर त्याचं घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जातं. मग सुरक्षित जोडणी करताना तो समोरच्याचं प्रमाणपत्र "अजून लागूच झालेलं नाही" म्हणून नाकारतो. स्क्रीनवर मात्र फक्त "जोडणी अयशस्वी". बाकी सगळं बरोबर दिसत असेल तर मशीनची तारीख बघा. फसली सालाचा कागद स्कॅन करणारं मशीन स्वतः कोणत्या सालात आहे, हे एकदा बघितलेलं बरं!

"फोल्डरला येत नाही"

ही तक्रार सर्वांत जास्त डोकं खाते, कारण स्कॅनर बरोबर, कॉम्प्युटर बरोबर, पिंगलाही उत्तर येतं. तरी फाईल येत नाही.

ऑफिसातला मोठा स्कॅनर फाईल पाठवतो ती कॉम्प्युटरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. त्यासाठी दोघं एक भाषा बोलतात, तिचं नाव एसएमबी. ही भाषा १९८३ मध्ये आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केली. म्हणजे पिंगचंच वर्ष. तेव्हाचं नेटवर्क म्हणजे एका ऑफिसातले ओळखीचे कॉम्प्युटर. वाटेत चोर असेल ही कल्पनाच नव्हती. मायक्रोसॉफ्टने ती उचलली, वाढवली, आणि ती सगळीकडे गेली.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला. विंडोजच्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतली फट वापरून तो एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात आपोआप शिरायचा, फायली कुलूपबंद करायचा आणि पैसे मागायचा. दीडशेच्या वर देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर अडकले. मायक्रोसॉफ्टने या फटीवरचं ठिगळ १४ मार्चलाच दिलं होतं, पण कित्येकांनी अपडेट केलंच नव्हतं. दीड महिन्याने, २७ जून २०१७ ला, तीच फट वापरणारा नॉटपेट्या आला. त्यात मर्स्क कंपनीच्या गटाकडे असलेलं नवी मुंबईतल्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर उभे, ट्रक उभे.

त्यानंतर ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून ही जुनी भाषा नव्या विंडोजमध्ये मुळात बसवली जाईनाशी झाली. निर्णय बरोबरच होता. पण ऑफिसाच्या कोपऱ्यातला २०१० सालचा स्कॅनर फक्त तीच भाषा बोलत होता! कुणीतरी नवा कॉम्प्युटर आणला किंवा विंडोज नव्याने टाकलं, आणि स्कॅनर मुका झाला. त्याला काय झालंय हे ना त्याला सांगता येत, ना ऑपरेटरला कळत. २०२४ च्या विंडोज ११ मध्ये नियम अजून कडक झाले: सहीशिवायची एसएमबी जोडणी आणि पासवर्ड नसलेला पाहुणा, दोन्ही नाकारले जाऊ लागले. म्हणून आणखी काही मशीन त्या वर्षी मुकी झाली.

इंटरनेटवर याचा "रामबाण" उपाय सापडतो: जुनी एसएमबी पुन्हा चालू करा. माझी हात जोडून विनंती, करू नका. ज्या कॉम्प्युटरवर गावाचे कागद आहेत, त्याला २०१७ चं दार परत उघडून द्यायचं नाही. हा क्रम धरा:

पहिलं, स्कॅनरच्या सेटिंगमध्ये एसएमबीची दुसरी किंवा तिसरी आवृत्ती चालू करता येते का बघा. बऱ्याच मशीनमध्ये ती असते, पण बंद असते. नसेल तर कंपनीच्या साइटवरून फर्मवेअर अपडेट करा.

दुसरं, कॉम्प्युटरवर फक्त स्कॅनसाठी वेगळा युजर बनवा. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. पासवर्ड कधीही न संपणारा, पण साधा सोपा नको. पुष्कळ जण विंडोज उघडायचा चार आकडी पिन स्कॅनरमध्ये टाकतात आणि "पासवर्ड बरोबर आहे तरी चुकीचा म्हणतोय" असं सांगतात. पिन त्या कॉम्प्युटरपुरता असतो, स्कॅनरला खरा पासवर्ड लागतो. साहेबांचा पासवर्ड मशीनमध्ये भरून ठेवू नका. त्यांनी तो बदलला की स्कॅन बंद.

तिसरं, विंडोजमध्ये नेटवर्क "पब्लिक" आहे की "प्रायव्हेट" ते बघा. पब्लिक असेल तर विंडोज स्वतःला बसस्टँडवर समजतो आणि शेअर केलेलं फोल्डर कुणालाच दाखवत नाही.

चौथं, यातलं काहीच जमत नसेल तर पेन ड्राइव्हवर स्कॅन करा. त्यात कमीपणा नाही.

फोल्डरऐवजी ईमेलवर स्कॅन पाठवणाऱ्यांची तारीख वेगळी: ३० मे २०२२. त्या दिवसापासून गुगलने साध्या पासवर्डवर जीमेल वापरणाऱ्या जुन्या ॲप आणि मशीनना दार बंद केलं. उपाय म्हणजे खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून स्कॅनरसाठी वेगळा ॲप पासवर्ड काढणे.

"पीडीएफ आली, पण वाचता येत नाही"

आता मुद्द्याचं.

सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या घटनेनंतर राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकालीन आणि इतर जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवह्या, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, सगळे बस्ते सुटले. ऑक्टोबरच्या शेवटी मुख्यमंत्र्यांनी सांगितलेला आकडा होता: सुमारे १ कोटी ७२ लाख कागद तपासले, ११,५३० नोंदी सापडल्या. नंतर काम राज्यभर वाढलं, नोंदीही वाढल्या, कागद स्कॅन होऊन संकेतस्थळांवर चढले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटची चर्चा पुन्हा सुरू झाली. आरक्षणाचा वाद हा आजच्या भागाचा विषय नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. माझा विषय एवढाच की एवढे जुने कागद इतक्या घाईत काचेवर ठेवले गेले, तेव्हा मशीनने त्यांचं काय केलं?

त्या दिवाळीत मी घरी होतो. शेजारचे तात्या मोबाईल घेऊन आले. "बाळा, ह्यात माझ्या आज्याचं नाव हाय म्हणतेत. मला तर नुसती शाई दिसतीय." पीडीएफ उघडली. एका सेवा केंद्रातून स्कॅन केलेली, पूर्ण काळी-पांढरी, १०० डीपीआयची. पोर्टलला काहीशे केबीच्या वरची फाईल चालत नाही, म्हणून चालवणाऱ्याने दाबून दाबून लहान केली होती. त्याचाही नाइलाज. मी म्हटलं, "तात्या, मूळ नक्कल तुमच्याकडं आहे ना? ती ग्रे-स्केलमध्ये ३०० वर परत काढू." काढली. नाव दिसलं. त्याच्या पुढचं क्षेत्रही दिसलं, एकर-गुंठ्यात.

यात काय झालं होतं? कर्शचीच अडचण. जुना कागद पिवळा पडतो, शाई तपकिरी होते. मशीनला काळं-पांढरं निवडायला सांगितलं की फिकी शाई पांढऱ्यात जाते आणि कागदावरचा डाग काळ्यात. वर "ठिपके साफ करा" हे सेटिंग चालू असेल तर अजून गंमत. उर्दूत बे, पे आणि ते या अक्षरांचं अंग सारखंच, फरक फक्त नुक्त्यांचा. एक खाली, तीन खाली, दोन वर. मशीन नुक्त्याला धूळ समजून पुसतं. राहिलेल्या अक्षरातून वाचणाऱ्याने आडनाव ओळखायचं! मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणजे तिथे आधीच प्रत्येक वळण मोलाचं. मराठी आकड्यांतही हाताने लिहिलेला १ आणि ९ एका गाठीच्या फरकाने वेगळा.

आणि हे न वाचता येणारं स्कॅन निदान प्रामाणिक तरी असतं. वाईट दिसतंय हे आपल्याला कळतं. त्याहून धोकादायक गोष्ट २०१३ मध्ये जर्मनीत उघड झाली. डेव्हिड क्रीझेल या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाच्या हाती एक इमारतीचा नकाशा आला. मूळ कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळं होती १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. झेरॉक्स कंपनीच्या मोठ्या ऑफिस मशीनमधून निघालेल्या स्कॅनवर तिन्ही खोल्या १४.१३. आकडे एकदम स्वच्छ, ठळक आणि चूक.

कारण होतं फाईल लहान करण्याची जेबिग-टू नावाची पद्धत. पानावरचे सारखे दिसणारे छोटे तुकडे शोधायचे, त्यातला एकच साठवायचा आणि बाकी ठिकाणी त्याचाच छाप मारायचा. "सारखे" ठरवताना मशीन ढिलं पडलं, आणि एका आकड्याच्या जागी दुसरा बसला. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली. पण तोवर ही मशीन कित्येक वर्षं जगभर चालली होती.

आता हेच आपल्या कागदावर आणा. क्षेत्राच्या रकान्यात ३ एकर ६ गुंठे आणि ३ एकर ८ गुंठे. दोन गुंठ्यांसाठी आपल्याकडे भाऊ भावाशी वीस वर्षं बोलत नाहीत. नकलनवीस चुकला तर त्याचं हस्ताक्षर तरी पुरावा म्हणून राहायचं. मशीनने बदललेल्या आकड्याला हस्ताक्षर नसतं.

म्हणून जुन्या कागदासाठी हे सेटिंग लिहून ठेवा. ३०० डीपीआय, ग्रे-स्केल किंवा रंगीत. ठिपके साफ करणं बंद. "हाय कॉम्प्रेशन", "कॉम्पॅक्ट पीडीएफ" असं काही दिसलं तर तेही बंद. रंगीत ए-फोर पान न दाबता सुमारे २६ एमबीचं होतं, जेपेगमध्ये ते एक-दोन एमबीवर येतं, तेवढं चालतं. ही मोठी फाईल जपून ठेवायची आणि पोर्टलसाठी तिच्यातूनच वेगळी लहान प्रत काढायची. ठिसूळ कागद वरच्या फीडरमधून कधीही घालू नका, काचेवर ठेवा. फीडरमधून काढलेल्या प्रत्येक पानावर एकाच जागी उभी रेघ येत असेल तर मशीन बिघडलेलं नाही. मुख्य काचेच्या बाजूला बोटभर रुंदीची काचेची पट्टी असते, तिच्यावर धुळीचा कण किंवा व्हाइटनरचा थेंब आहे. मऊ कापड किंचित ओलं करून पुसा.

फाईलचं नावही नीट द्या. "स्कॅन००४७" या नावाची फाईल म्हणजे सुटलेल्या बस्त्यातला कागद. गाव, सर्व्हे नंबर, कागदाचा प्रकार आणि साल. फसली असेल तर फसली लिहा, शेजारी इसवी लिहा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: बस्ता परत बांधण्याआधी मूळ कागद आणि स्क्रीन शेजारी ठेवून आकडे ताडून बघा. नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, साल. चार गोष्टी, दोन मिनिटं. पूर्वी नकलनवीस लिहून झालं की मूळाशी ताडून बघायचा आणि मगच शिक्का मारायचा. मशीन आलं तेव्हा लिहायचं काम गेलं, ते बरंच झालं. ताडून बघायचं काम मात्र आपण त्याच्याबरोबर उगाच सोडून दिलं.

लाईट जाईल, पत्ता बदलेल, विंडोज आणखी एखादी जुनी भाषा बंद करेल. यातलं सगळं दुरुस्त होतं. पुसला गेलेला नुक्ता आणि बदललेला आकडा मात्र मूळ कागद शाबूत आहे तोवरच दुरुस्त होतो, आणि हैदराबादच्या काळातला तो कागद दर पावसाळ्यात थोडा थोडा कमी होतोय.

तुमच्या घरात पेटीत, पत्र्याच्या डब्यात, देवघरामागे असा एखादा जुना कागद असेल तर या रविवारी काढा. सावलीत ठेवा, नीट स्कॅन करा, ताडून बघा, दोन ठिकाणी जपून ठेवा. आणि मूळ कागद फेकू नका.

भेटू पुढच्या भागात.